जुनी माझदा एमएक्स-५: सुटे भाग मागवण्याआधी एवढं तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटणार नाही. गाडी १९९५ ची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर इंजिन, पाच गियर. आधीच्या मालकाकडे दीड-दोन वर्षं झाकून उभी होती. सकाळी पहिला आणि रिव्हर्स गियर पडताना अडतो. थंड इंजिनातून टकटक येते. इंजिनच्या मागच्या अंगाला तेल ओघळलंय. सीटच्या मागचं कार्पेट ओलं लागतं. ताशी ९५-१०० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरतं. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसते. एका बाजूची काच अडखळत वर चढते. टाइमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा इंजिनचा रबरी पट्टा) कधी बदलला याचा कागद नाही. आणि मेकॅनिकने क्लच प्लेट, गियरबॉक्स उतरवून इंजिनचं मागचं सील बदलणं आणि हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडणं अशी तीन मोठी कामं सांगितली आहेत.

तिन्ही कामं आज थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यातली एकही खूण अजून तरी इतकं खोल जायला सांगत नाही. धावून झिजलेल्या गाडीचं दुखणं वेगळं आणि उभी राहून आखडलेल्या गाडीचं वेगळं. तुमची दुसऱ्या जातीची आहे. रबर वाळलंय, तेल खाली उतरून बसलंय, पाणी जायच्या वाटा बुजल्या आहेत. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची परीक्षा पाना हातात न घेता, किंवा फार तर एक-दोन बोल्ट सोडून करता येते. एकच पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल करायचा आणि गाडी चालवून बघायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या तक्रारीच्या वेळी पुन्हा अंदाजच बांधावा लागतो.

क्लचपासून सुरू करतो, कारण सगळ्यांत मोठा खर्च तिथेच सांगितला गेलाय. क्लच प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात, पण गाडी त्या मानाने पळत नाही. तुमची तक्रार याच्या उलट आहे. गियर अडतोय, म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाहीये. या गाडीत पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून जातो. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधून तो गियरबॉक्सच्या कडेला खाली बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरकडे येतो, आणि स्लेव्हचा दांडा क्लचचा काटा ढकलतो. स्लेव्ह सिलिंडर हे या गाडीचं सगळ्यांत प्रसिद्ध दुखणं आहे. आतलं रबरी सील वाळलं की तेल झिरपतं, हवा शिरते, आणि पेडलचा अर्धा प्रवास ती हवा दाबण्यातच वाया जातो.

परीक्षा अशी करा. इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून बघा. ते सहज पडले, तर गियरबॉक्स बहुतेक ठीक आहे. मग इंजिन चालू करून पेडल एकदाच दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि हळूच रिव्हर्स टाका. करकर आली तर पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून पुन्हा टाका. आता गियर लोण्यासारखा पडला, तर दोष प्लेटचा नाही, ऑइलच्या वाटेचा आहे. मग गाडी जॅकवर चढवून, खाली स्टँड लावून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही), स्लेव्हच्या टोकाची रबरी टोपी बोटाने मागे सरकवा. आत कोरडं असायला हवं. बोट ओलं झालं की निकाल लागला. वर मास्टरचीही तपासणी करा. पेडलचा दांडा जिथे पत्र्यातून आत जातो तिथे ओघळ आहे का, ते टॉर्च लावून बघा.

माझा सल्ला: दोघांतला एक गळत असेल तरी मास्टर आणि स्लेव्ह एकदमच बदला. दोघांचं रबर एकाच वयाचं असतं. एक नवा बसवला की दुसरा थोड्याच दिवसांत हात टेकतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एकटा स्लेव्ह बदलून गाडी परत देत नाही. स्लेव्ह दोन बोल्टांवर असतो, काम अर्ध्या दिवसाचं. डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल घाला. हवा काढताना पेडलवर एक माणूस आणि खाली निप्पलवर एक असे दोघे लागतात. निप्पल घट्ट झाल्याशिवाय वरच्याने पेडल सोडायचं नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा परत आत जाते. हे ऑइल रंग खातं. थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

एका गाडीची गोष्ट सांगतो. तिची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असं सगळं दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलून झालं होतं आणि गियर तरीही अडत होता. मी टोपी मागे सरकवली तर तेल थेट मनगटावर आलं. त्याहून वाईट म्हणजे त्या कामात गियरबॉक्स उतरवताना त्याला डिफरन्शिअलशी (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीशी) जोडणारी लांब ॲल्युमिनियमची फ्रेम सोडली होती आणि परत बसवताना तिचा कोन नीट जुळवला नव्हता. मालकाच्या नशिबी नवीच थरथर आली. तुमची गाडी विनाकारण खोलू नका असं मी इतक्या कळकळीने म्हणतोय ते यासाठी. या गाडीत गियरबॉक्स उतरवणं म्हणजे तिचा कणाच सोडवणं.

आता इंजिनच्या मागचं तेल. इंजिनचं तेल मागून गळतंय आणि गियरबॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या भागावर ओघळतंय, हे दिसलं की क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलवर बोट ठेवलं जातं. पण या इंजिनाच्या हेडच्या अगदी मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) तोंडाशी, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या मानेवर एकच ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असते. ती काळाने दगडासारखी कडक होते आणि तिच्यातून झिरपलेलं तेल बरोब्बर त्याच जागी ओघळतं जिथे मागच्या सीलचं तेल दिसायला हवं. दुसरा संशयित म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचे मागचे कोपरे.

शोधायची रीत जुनीच आहे आणि तिला पर्याय नाही. इंजिनचा मागचा भाग डिग्रीझरने पूर्ण धुवा, वाळवा, पन्नासएक किलोमीटर चालवा आणि सर्वांत वरची ओली जागा कुठली ते टॉर्च आणि छोट्या आरशाने बघा. तेल खालीच जातं, म्हणून खालच्या ओलीवरून काहीच ठरवता येत नाही. वरचं सगळं कोरडं आणि खालीच ओल असेल, तेव्हाच मागच्या सीलचा विचार करू. सेन्सरची ओ-रिंग बदलणार असाल तर सेन्सर काढण्याआधी त्याच्या आणि हेडच्या अंगावर एक बारीक रेघ ओढा. त्याच्या फिरण्यावर इग्निशनचं टायमिंग ठरतं. परत बसवल्यावर टायमिंग लाइटने ते पुस्तिकेप्रमाणे, म्हणजे टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यांत वर पोचतो त्या जागेच्या) १० अंश आधी आहे का, ते नीट तपासा. डायग्नॉस्टिक बॉक्समधले टेन आणि ग्राउंड हे दोन पॉइंट वायरने जोडल्याशिवाय हे माप खरं मिळत नाही. आणि तिथून जाणारे हीटरचे रबरी पाइप चिमटीत दाबून बघा. तेलात भिजून ते पिठासारखे मऊ होतात. तसे झाले असतील तर याच वेळी बदलून टाका, कारण त्या जागी पुन्हा हात घालणं फार कष्टाचं आहे.

टकटकीबद्दल घाबरू नका, पण तिच्याकडे कानाडोळाही करू नका. तुमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये हायड्रॉलिक टॅपेट (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधले तुकडे) आहेत. टॅपेटच्या आत तेलाने भरलेलं एक बारकं पिस्टन असतं. गाडी उभी राहिली की आतलं तेल उतरतं, आणि पुन्हा भरेपर्यंत टॅपेट वाजतो. दुसऱ्या पिढीत माझदाने साधे घन टॅपेट दिले, म्हणून नंतरच्या गाडीच्या मालकाशी तुमचा अनुभव जुळणार नाही. आवाज कुठला हे ओळखायला लय मोजा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी उभी असताना मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आयडलला एका व्हॉल्व्हची टकटक सेकंदाला साधारण सात वेळा पडते, आणि बारीक, वरून, कव्हरखालून येते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकत असेल तर ठोके दुप्पट असतात, सेकंदाला चौदा. आवाज जड असतो, खालून येतो आणि इंजिनवर भार दिला की वाढतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावा, जागा लगेच कळते.

बारीक टकटक थंड इंजिनात काही सेकंद ते मिनिटभर राहून जात असेल, तर हेडला हात लावायचं कारणच नाही. तेलाची पातळी बघा, जुनं तेल काढा, पुस्तिकेतल्या ग्रेडचं घाला. फिल्टर चांगला घ्या, ज्याच्या आत तेल मागे न जाऊ देणारी झडप असते असा. ही झडप कमकुवत असली तर रात्रभरात फिल्टरमधलं तेल उतरतं आणि सकाळी टॅपेटला वाट बघावी लागते. मग गाडी पूर्ण तापू द्या आणि एकदा चांगली लांब चालवा. शे-दीडशे किलोमीटर. दीड वर्ष उभ्या राहिलेल्या इंजिनाचं तेल पाच-सहाशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलावं, मग नेहमीच्या मुदतीने. पूर्ण तापल्यावरही आवाज तसाच राहिला तर पुढचं बघू. त्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती काजळीचा पट्टा आहे का तेही पाहा. तिथून निसटणारा धूरही थंडीत हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो आणि लोखंड तापून फुगलं की बंद होतो. नट आवळून किंवा गॅस्केट बदलून तो थांबतो.

ओलं कार्पेट. तुमच्या सगळ्या यादीत ही गोष्ट तुम्ही सर्वांत हलकी समजून लिहिली आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. बाकी सगळं दुरुस्त होतं, पत्रा गेला की गाडी जाते.

कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या काचेखालच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून मागच्या चाकांच्या थोडं पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. झाडाखाली उभ्या गाडीत या नळ्यांत पानं, माती, टपाच्या कापडाचा भुगा भरतो. मग पाणी आत उलटतं. काही सीटच्या मागे येतं, ते तुम्हाला दिसलं. जे दिसत नाही ते दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये उतरतं आणि आतून गंज धरतं. या गाडीचे सिल मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीलगत सडतात ते याचमुळे. वरून रंग चकाचक आणि आत चाळण, अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत.

टप अर्धा उघडा, पन्हळीच्या दोन्ही टोकांना असलेलं भोक शोधा आणि अर्धा पेला पाणी हळूहळू ओता. दुसऱ्याला खाली बघायला सांगा. काही सेकंदांत धार यायला हवी. थेंब-थेंब आलं किंवा आलंच नाही, तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घेऊन वरून हळू फिरवत घाला. तार वापरू नका, नळी फाटते. दाबाची हवाही मारू नका. नळीचं तोंड आतच निसटतं आणि मग पाणी थेट सिलमध्ये जातं, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. पाणी खळखळून जाईपर्यंत हे करा, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी.

नळ्या मोकळ्या झाल्या की कार्पेट उचला. त्याखाली फोम असतो, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. वरून हाताला कोरडं लागलं म्हणून समाधान मानू नका. बाहेर काढून पूर्ण वाळवा. मग सिलच्या मागच्या टोकाला खालून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं आहे, आतून मेण फवारून घ्या. बद्द आवाज आला, रंगाखाली फोड असले किंवा पत्रा दबला, तर बाकी सगळी कामं मागे ठेवून वेल्डिंग करणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा. नळ्या मोकळ्या असूनही पाणी आलं तर काचेच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातलं रबर तपासा.

स्टिअरिंगची थरथर. ही गाडी हलकी आहे, स्टिअरिंग थेट आहे, म्हणून चाकातला छोटा दोषही हाताला जाणवतो, आणि तो नेमका ताशी शंभरच्या आसपास. बॅलन्सिंग करून घ्याच, पण त्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचा कितीही खोल असल्या तरी दहा वर्षांचा टायर मी या गाडीवर ठेवणार नाही. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, आणि मागच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी अशा वेळी सावध करत नाही. शिवाय वर्षभर एकाच जागी उभ्या टायरला खाली सपाट ठसा पडतो. तो काही किलोमीटर चालवून गेला नाही तर बॅलन्सिंगनेही जात नाही.

तुमच्या फोटोतले रिम मूळचे वाटत नाहीत. या गाडीच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा मोठं असतं आणि त्यात मापाची रिंग बसवावी लागते, नाहीतर चाक केसभर बाजूला बसतं. रिंग नसेल तर कितीही वेळा बॅलन्सिंग केलं तरी थरथर राहील, कारण मशीनवर चाक नीट मध्यावर असतं आणि गाडीवर नसतं. हवा २६ पीएसआय. बत्तीस-चौतीस भरून देण्याची गॅरेजांना सवय असते, तेवढ्यात ही गाडी उड्या मारते.

बॅटरी डिकीत आहे हे लक्षात ठेवा. तिचा वायू नळीने बाहेर गेला पाहिजे, म्हणून बंद प्रकारची एजीएम बॅटरी आणि तिची नळी जोडलेली हवी. साधी बॅटरी ठेवली असेल तर आम्लाने डिकीचा पत्रा खाल्लाय का, तेही बघा. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवं. हे ठीक असेल तर करंट कुठे गळतोय ते शोधा. सगळं बंद करून, निगेटिव्ह वायर काढून मल्टिमीटर मध्ये जोडा, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. माझा पहिला संशय नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर किंवा अलार्मवर आहे. डिकीचा दिवा बंद होतो का हे बघायला मोबाइलचा कॅमेरा चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा.

काच: दोन्ही बाजूंच्या खोबणीतल्या रबरावर सिलिकॉन स्प्रे मारा, दाराचं पॅनल काढून आतल्या पट्टीला लिथियम ग्रीस लावा. एवढ्याने बहुतेक वेळा पुरे होतं. वर चढताना काच तिरकी होत असेल किंवा करकर येत असेल तर केबलचा रेग्युलेटर जातोय, पूर्ण तुटायच्या आत बदला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण उभ्या गाडीत ती हमखास असते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न वापरता थांबा आणि मागच्या दोन्ही रिमांजवळ तळहात धरा. एक दुसऱ्यापेक्षा ठळक गरम असेल तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत किंवा हँडब्रेक पूर्ण सुटत नाही. पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं की बहुतेक वेळा सुटतात. ब्रेकच्या कामात शंका असली तर स्वतः करू नका, जाणत्या माणसाला द्या.

आणि टाइमिंग बेल्ट. तुमच्या १.८ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. इंजिन बंद पडतं, पण फुटत नाही. म्हणून आज रात्री झोप उडवून घेऊ नका. पण मुदत १ लाख किलोमीटरची आहे, रबर वयानेही सडतं, आणि कागद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची तेलाची सीलं एकाच वेळी करा, कारण तिथपर्यंत पोचायची मेहनत एकच आहे. क्रम माझ्या मते असा: या शनिवारी नळ्या आणि सिल, मग क्लचची टोपी, मग टायरांची तारीख. बेल्ट महिन्याभरात. सिल ठोकून झाले की कसा आवाज आला आणि क्लचच्या टोपीत ओल होती का, एवढं कळवा. पुढचं त्यावर ठरवू.